कम्प्युटर सर

या गृहस्थांचं खरं नाव फक्त मानधनाच्या बिलावर असतं. जळगावकरांच्या मोबाइलमध्ये ते ‘कम्प्युटर सर धुळे’ असतात आणि धुळेकरांच्या मोबाइलमध्ये ‘कम्प्युटर सर जळगाव’. राहतात जळगावला, शिकवतात धुळ्याला. घरी फोन करून ‘सर आहेत का?’ विचारलं, तर बाई घड्याळाकडे बघून सांगतात, “आत्ता पारोळ्याच्या पुढे गेले असतील.”

बिऱ्हाड धुळ्याला का हलवत नाही, हा प्रश्न सरांना दर दिवाळीला नातेवाईक विचारतात. उत्तर सरळ आहे. बाई जळगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेवर कायम आहेत आणि सर तासिका तत्त्वावर. ज्याची नोकरी कायम त्याच्या गावी घर, हा खानदेशातला अलिखित कायदा आहे. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवलं तेवढ्याच तासांचे पैसे. सरांच्या दिवसात शिकवण्याचे तास तीन आणि एसटीचे पाच. पाच तासांचे पैसे सर महामंडळाला रोख देतात. तीन तासांचे पैसे महाविद्यालय सरांना देतं, पण ते मार्च उलटल्यावर.

सकाळी नव्या बसस्थानकावर धुळ्याची गाडी फलाटाला लागायच्या आत सर धावत्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकतात. आधी मेमरी राखून ठेवायची, मग प्रोग्राम चढवायचा, हे वर्गात समजावताना त्यांना दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही. एकाच जागेवर दोन रुमाल पडले तर काय होतं, हे मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिलेलं नाही. ते गाडीतच ऐकावं, आणि शक्यतो लहान मुलांनी ऐकू नये.

गाडी सुटते आणि तिकिटं सुरू होतात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पासष्टी उलटलेल्यांना अर्धं, पंचाहत्तरी उलटलेल्यांना फुकट आणि कॉलेजच्या पोरांना पास. शेवटी अख्ख्या तिकिटाचं गिऱ्हाईक म्हणून गाडीत उरतात सर आणि एखादा बी-बियाण्यांचा एजंट. कंडक्टर त्यामुळे सरांना आदराने नमस्कार करतो. सरांनी मासिक पास काढून पाहिला होता, पण पास काढला की हमखास सुट्ट्या लागतात, असा त्यांचा अनुभव.

पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे ही गावं सरांना डोळे मिटून कळतात. एरंडोलला भज्यांचा वास येतो, पारोळ्याला नेहमीचे दोन बँकवाले चढतात आणि फागण्याला सर दाढीवरून हात फिरवून प्राध्यापक होतात. हा जुना सहा नंबरचा हायवे. कागदावर आता त्रेपन्न नंबरचा, तरी खानदेशात कोणी त्याला त्रेपन्न म्हणत नाही. फागणे ते तरसोड चौपदरीकरणाचं काम चाललं, थांबलं, पुन्हा चाललं, तेवढ्या काळात सरांचे तीन मोबाइल बदलले आणि त्यांचा एक विद्यार्थी स्वतः मास्तर होऊन याच गाडीत रुमाल टाकू लागला.

सरांना गाडीत झोप लागत नाही, कारण लागू दिली जात नाही. ‘कम्प्युटरचे सर’ म्हटल्यावर पिशव्यांमधून मोबाइल बाहेर येऊ लागतात. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाचं पीएम किसानचं ई-केवायसी अडलेलं असतं, कुणाचा केळीचा पीकविमा पोर्टलवर चढत नसतो. एकदा मुकटीच्या आजींनी मोबाइल पुढे केला. “काबरं बंद पडनं हाई?” सरांनी पाहिलं, विमानाच्या चित्रावर बोट पडलं होतं. ते समजावून सांगितल्यावर आजी म्हणाल्या, “मी ते नाशिकलेबी नही गऊ, हाई इमान कथाईन उनं?” सरांनी विमान उतरवलं. आजींनी दुवा दिला आणि लगेच मोठ्या आवाजात नातवाला फोन लावला, तो थेट धुळ्यापर्यंत.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा तर गाडी म्हणजे सरांचं फिरतं सेवा केंद्रच झालं. अर्ज पाळधीला भरायचा, ओटीपी एरंडोलला यायचा, आणि तोवर त्याची मुदत संपलेली असायची. महिनाभर सरांनी खानदेशातल्या बहिणींचे आधार क्रमांक डोळ्यांखालून घातले. स्वतःच्या घरची एकही बहीण त्यात बसली नाही, कारण बाईंची नोकरी सरकारी.

धुळ्याला उतरून पांझरेचा पूल ओलांडला की देवपुरात कॉलेज. प्रयोगशाळेच्या दाराशी चपलांचा ढीग असतो. एकेकाळी धुळीने संगणक बिघडतो म्हणून चपला बाहेर ठेवायचा नियम झाला. आता आत संगणकांपेक्षा धूळ जास्त आहे, पण नियम पाळला जातो. एप्रिलमध्ये बाहेर पंचेचाळीस अंश असतात. एसी संगणकांसाठी आहे, माणसांसाठी नाही, असं कार्यालयाने सरांना लेखी कळवलेलं आहे. सर त्यामुळे संगणकांच्या फार जवळ उभे राहून शिकवतात.

अभ्यासक्रमात सी भाषा आहे. ती १९७२ च्या सुमाराची. ती लिहायला पोरांसमोर उघडतो तो टर्बो सी चा निळा पडदा. तो बोरलँड कंपनीने पहिल्यांदा आणला १९८७ साली. समोरची पोरं या शतकात जन्मलेली. हातात चकाचक मोबाइल आणि समोर वडिलांच्या कॉलेजच्या दिवसांतला पडदा बघून त्यांना वाटतं, हा विषय इतिहास खात्याचा असावा.

तरीही सर दर वर्षी पहिल्या तासाला उत्साहाने सांगतात, “विप्रो आपल्या अमळनेरची! १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्यातून पुढे एवढी मोठी संगणकाची कंपनी झाली.” वर्ग भारावतो. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “सर, मग कॅम्पस इंटरव्ह्यू अमळनेरलाच होईल का?” या प्रश्नावर सर घाईने फळा पुसतात. त्यांना आजोबांची आठवण होते. अमळनेरला लोक या कंपनीचे शेअर घेत होते तेव्हा आजोबांनी पूर्ण विचार करून म्हैस घेतली. अमळनेरचे जुने शेअरधारक पुढे कोट्यधीश झाल्याच्या बातम्या आल्या. म्हशीनेही दोन वर्षं दूध चांगलं दिलं.

सरांची खरी कसोटी जर्नल तपासताना लागते. यंदाच्या सगळ्या वह्यांत ‘विद्यार्थ्याचे नाव छापा’ या प्रोग्रामच्या आउटपुटमध्ये एकाच मुलीचं नाव आहे, आणि ती कॉलेज सोडून गेली त्याला तीन वर्षं झाली. तिची वही एवढी सुवाच्य होती की पुढच्या प्रत्येक बॅचने ती जशीच्या तशी उतरवली. सर ‘तपासले’ असा शिक्का मारतात. शिक्क्यावरची तारीखही गेल्या वर्षीची असते.

नॅकची समिती येणार म्हटलं की सरांचा भाव वधारतो. मराठीचे, भूगोलाचे, अर्थशास्त्राचे विभागप्रमुख पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या मागे लागतात. सगळ्यांचे पीपीटी सर करतात. समितीपुढे सगळे आपापलं सादरीकरण करतात आणि सर मागे प्रोजेक्टरची वायर धरून उभे राहतात. ती धरली नाही तर पडदा गुलाबी होतो.

उन्हाळ्यात सर बहिःस्थ परीक्षक होतात, तेव्हा त्यांचं खरं देशाटन घडतं. १९९० च्या आधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाची होती. त्या वर्षी जळगावला वेगळं विद्यापीठ झालं, २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत सरांना परीक्षेच्या ऑर्डरी येतात: चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, शहादा, तळोदा, रावेर. सगळी गावं एकेकदा करून कमीत कमी अंतरात घरी कसं यायचं, हा ‘फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न’ संगणकशास्त्रात प्रसिद्ध आहे. सरांनी एकदा कागद काढला. जळगाव धरून दहा गावं. उलटसुलट सारखं मानलं तरी मार्ग निघाले १,८१,४४०. त्यातला सर्वांत जवळचा मार्ग शोधून ते कंट्रोलरच्या खिडकीशी गेले. कंट्रोलर वर न बघता म्हणाला, “चोपड्याची गेली. आता यावलची आहे. बसायचं तर बसा.” एवढ्यात १,८१,४३९ मार्ग बाद झाले.

परीक्षेच्या गावी थाट असतो. आधी चहा, मग पोहे, मग “सर, आधी जेवून घ्या, परीक्षा काय होतेच आहे.” जेवणात शेवभाजी, पोटात ती आणि बाहेर ऊन, अशा अवस्थेत तोंडी परीक्षा.

“हा प्रोग्राम तुम्ही लिहिला?”

“हो सर.”

“काय करतो हा?”

“रन होतो, सर.”

“रन होऊन काय करतो?”

पोरगा विचारात पडतो. मग उलट विचारतो, “सर, तुम्ही धरणगावचे ना? आमच्या मोठ्या मामी तिकडच्याच.” पुढची दहा मिनिटं मामींचं माहेर शोधण्यात जातात. ते सापडतं. खानदेशात ते सापडतंच. नात्यातल्या पोराला नापास करायची छाती सरांत नाही.

संगणकाने जग जवळ आणलं, हे सर वर्गात दर वर्षी सांगतात. ते खरं झालं ते एकदाच, २०२० च्या टाळेबंदीत. सर घरी बसून गूगल मीटवर शिकवू लागले. धुळ्याची पोरं दिसायची; सातपुड्याच्या बाजूची पोरं रेंजसाठी टेकडी चढायची आणि हजेरी देऊन खाली उतरायची. पाच तास वाचले, त्यांचं काय करावं हे सरांना कळेना. ते पहाटेच आवरून खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. चौथ्या दिवशी बाईंनी त्यांना निवडायला मेथीची जुडी दिली. एसटी सुरू झाल्याचा आनंद जळगाव शहरात सर्वांत जास्त कोणाला झाला असेल, तर या दोघांना.

परवा सर पारोळ्याजवळून जात असताना फोन आला. जर्नलमधल्या नावाची ती मुलगी बोलत होती. पुण्याला हिंजवडीत लागली होती, आता वर्क फ्रॉम होम आहे. घर पारोळ्यालाच, हायवेला लागून. लॅपटॉप गॅलरीत मांडलाय, दुपारी आईच्या हातची कळण्याची भाकरी, आणि पगार सरांच्या वर्षभराच्या बिलाशी तुलना न करण्याइतका.

“सर, तुमची गाडी रोज दिसते मला. अजून अपडाऊनच करता?”

“चालू आहे.”

ती क्षणभर थांबली. मग फार आपुलकीने म्हणाली, “सर, राग मानू नका. पण तुम्ही पण कम्प्युटरमध्ये या ना. काही अवघड नसतं. मी शिकवीन तुम्हाला.”

“बघतो,” सर म्हणाले, आणि समोर आलेल्या कंडक्टरला त्यांनी सांगितलं, “धुळे. एक अख्खं.”