गिरणीप्रेमी

लोअर परळमधल्या कुठल्याही जुन्या मिलच्या आवारात शिरा, कमला म्हणा की मथुरादास म्हणा, गिरणीप्रेमी भेटल्याशिवाय राहत नाही. चाळिशीचा, मुद्दाम इस्त्री न केलेला लिननचा शर्ट घातलेला, आणि दिसेल त्या भिंतीवरून मायेने हात फिरवणारा. रेस्तराँ काढायला त्याला नवी इमारत चालत नाही. "नव्या भिंतीला इतिहास नसतो हो!" असं तो म्हणतो. जागामालकही भाडं इतिहास धरूनच सांगतो.

जागा ताब्यात आली की आधी भिंतीचा गिलावा खरवडायचा. आतली वीट दिसली की त्याला गहिवरून येतं. मग विटेची भुकटी सूपमध्ये पडायला नको म्हणून तिच्यावर पारदर्शक लेप चढतो. बिडाचे खांब नेमके धडधाकट निघतात. ते पुरेसे जुने दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर गंज रंगवायला कलाकार बोलावला जातो.

साचाखात्याचं, म्हणजे मागांच्या खात्याचं, छप्पर करवतीच्या दात्यांचं आणि त्याच्या काचा उत्तरेकडे. ऊन आत येऊ नये, पण उजेड दिवसभर सारखा मिळावा, साच्यावर तुटलेला धागा कामगाराला चटकन दिसावा, यासाठी केलेली ती सोय. गिरणीप्रेमी हे सगळं पाहुण्यांना रंगवून सांगतो. "कुठे आहेत त्या काचा?" असं कुणी विचारलं, की वर बोट दाखवतो. काचांना काळा रंग फासलेला असतो. "ॲम्बियन्स!" मग त्या अंधारात पिवळे दिवे लोंबकळतात आणि त्यांच्या उजेडात मेन्यू वाचायला मोबाइलची बॅटरी लावावी लागते.

टेबलांना नावं गिरणीतल्या खात्यांची: त्रासन, कार्डिंग, वाइंडिंग. कॉकटेलचं नाव 'तिसरी पाळी'. भिंतीवर एक भलंमोठं दातेरी चाक आहे. ते उसाच्या चरकाचं आहे हे एका म्हाताऱ्या जॉबरने दाखवून दिलं, तेव्हा गिरणीप्रेमी म्हणाला, "काका, इंडस्ट्रियलच ना?" बिल लाकडी धोट्यातून येतं. कांडी बसायची त्या खोबणीत बिलाची सुरळी. ती उलगडल्यावर गिऱ्हाईक जरा वेळ काही बोलत नाही.

बोललं तरी ऐकू येत नाही म्हणा. उघडी वीट, उघडा पत्रा, सिमेंटची जमीन; आवाज शोषून घ्यायला कुठे पडदासुद्धा नाही. साचाखात्यात कामगार ओठांच्या हालचालीवरून आणि खाणाखुणांनी बोलत. इथे पाणी मागणारं गिऱ्हाईक तेच करतं. सगळ्या सजावटीत एवढी एकच गोष्ट अस्सल उतरली आहे, आणि तिची तेवढी मेन्यूत नोंद नाही.

गिरणगावच्या जेवणाचा खरा इतिहास म्हणजे खानावळी. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार बायकांच्या घरगुती खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवत. "मग मेन्यूत बांगड्याचं कालवण ठेवा की," असं मी एकदा सुचवलं. गिरणीप्रेमी हळहळला. "ऑथेंटिक आहे, पण वास येतो हो." मेन्यूत पास्ता होता.

दारात मात्र त्याने संपाचा मोठा फोटो लावला होता. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप. फोटोसमोर उभा राहून तो संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्याविषयी इतक्या जिव्हाळ्याने बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हाही मोर्चात होता. गेल्या दिवाळीत त्याच्या वेटरांनी पगारवाढ मागितली. सगळे मिळून मागायला आले आणि नेमके त्या फोटोखालीच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी तिथे बॉबिनांची सुबक परडी टांगलेली होती. मी फोटोची चौकशी केली.

"काढला," गिरणीप्रेमी म्हणाला. "स्टाफ वाचायला लागला होता."