सरडा पाळू इच्छिणाऱ्या धाकट्या शेठसाठी नियमावली

ज्याचा मार्केट यार्डातल्या भुसार विभागात वडिलोपार्जित गाळा आहे, ज्याच्या हातात चांगला फोन आहे आणि दुपारच्या जेवणानंतर ज्याला काम नाही, अशा कोणत्याही तरुण व्यापाऱ्याला ही नियमावली लागू आहे. आमच्या धाकट्या शेठशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजू नये.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. आधी मासे झाले, मग लव्हबर्ड, मग ससा. माशांच्या टाकीत सध्या हरभऱ्याचे नमुने आहेत. लव्हबर्ड एका तोलणाराच्या घरी सुखात आहेत. ससा माझ्याकडे आहे आणि टीव्हीची वायर कुरतडतो. आता शेठच्या डोक्यात सरडा शिरला आहे. "दिवाणजी, त्याला काही करावं लागत नाही," असं ते म्हणाले, म्हणून हा कागद काढावा लागला.

नियम पहिला : घोरपड नाही.
आपण पुण्याचे, तेव्हा घोरपडच शोभेल, असं शेठचं म्हणणं. 1670 साली तानाजी मालुसरे घोरपडीच्या दोराने सिंहगड चढले, ही गोष्ट ऐकत आपण सगळेच वाढलो. पुरावा कुणी विचारू नये. पण गड घेताना वन्यजीव संरक्षण कायदा नव्हता. तो 1972 चा. त्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसते. घरी आणली की थेट तुरुंगाची वाट. आणि बरकतीसाठी गल्ल्यात ठेवा म्हणून कुणी 'हत्थाजोडी'ची मुळी देऊ केली, तर हातसुद्धा लावू नये. ती मुळी नसते. मारलेल्या नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. लक्ष्मीच्या फोटोशेजारी ते ठेवून उदबत्ती लावायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

नियम दुसरा : इग्वानाची लांबी विकत घेताना मोजू नये.
दुकानात तो वीतभर असतो, हिरवागार, आज्ञाधारक. नीट जगला तर पाच-सहा फुटांचा होतो आणि शेपटीचा फटका असा मारतो की पोत्याच्या हुकाची सवय असलेला हमालही मागे सरावा. हा प्राणी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तो बाळगायचा तर 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. शेठ, जीएसटीचं विवरणपत्र आपण कधी वेळेवर भरलं होतं, ते आठवून मगच पुढे जावं.

नियम तिसरा : ऊन काचेतून येत नाही.
उजेड येतो, ऊबही येते; पण अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच अडवून धरते. ते नसले की कॅल्शियम असूनही अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, जबडा वाकडा होतो. म्हणून खास दिवा लावावा लागतो. तो दिवा वर्षभरात निकामी होतो आणि तरी पेटतच राहतो, त्यामुळे पेटतोय म्हणजे चालतोय असं समजू नये. (हे वाक्य मी फक्त दिव्याबद्दल लिहिलं आहे.) या जनावराला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि डिसेंबर असला, तर काय करायचं याचं उत्तर तयार ठेवावं. "दिवाणजी बघतील" हे उत्तर धरलं जाणार नाही.

नियम चौथा : फुकटचा पालक.
शेठचा हिशोब असा, की भाजी विभाग शेजारीच आहे, उरलेला पालक कुणीही देईल, म्हणजे खुराकाचा खर्च शून्य. पण पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं. रोज पालक म्हणजे नियम तिसऱ्यातला वाकडा जबडा पुन्हा हजर. शेवग्याचा पाला घालावा, लाल भोपळा घालावा. तोही आणायला कुणाला तरी पहाटे उठून जावं लागतं. शेठ कधी उठतात, हे मोठ्या शेठना विचारावं.

नियम पाचवा : मग लेपर्ड गेको?
जगभर नवख्यांना हीच ठिपक्यांची पाल सुचवतात. वीतभर लांब, शांत, पापण्या मिटून झोपणारी. पण ती पाला खात नाही; जिवंत रातकिडे खाते, तेही कॅल्शियमच्या भुकटीत घोळवलेले. म्हणजे ज्या गाळ्यात तीन पिढ्या सोंड्याशी, पोरकिड्याशी आणि तांदळातल्या पतंगाशी लढल्या, तिथे आपण किड्यांचा डबा पैसे मोजून आणायचा. शिवाय ती पंधरा-वीस वर्षं जगू शकते. शेठची आवड साधारण एका हंगामापुरती टिकते.

नियम सहावा : "साहेब, याला काही लागत नाही" असं म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावं.

नियम सातवा : सरपटणाऱ्या प्राण्यांना तपासणारा डॉक्टर आधी शोधावा, प्राणी नंतर.

नियम आठवा : आहे ती पाल ओळखावी.
आपल्या गाळ्यात मीटरच्या पेटीमागे एक पाल आहे. हमाल तिला 'मॅनेजर' म्हणतात, कारण संध्याकाळी ट्यूब लागली की ती न चुकता हजर होते. पगार नाही, सुट्टी नाही, आणि धान्यावरचे पतंग वेचते. पोत्याच्या आतला सोंडा तिच्या आवाक्यात नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. तिच्या पायाला गोंद नसतो. बोटांवरचे अतिसूक्ष्म केस भिंतीच्या रेणूंना ओढून धरतात. गेकोच्या पायाची ही करामत 2002 साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केली. तिला पापण्या नाहीत, म्हणून डोळे जिभेने पुसते. ती विषारी नाही. पण तिच्या विष्ठेतून जंतू येतात, तेव्हा नमुन्याची ताटं झाकावीत आणि हात धुवावेत. अंगावर पडली तर पंचांगातलं पल्लीपतनाचं कोष्टक जरूर पाहावं, मात्र त्या कारणावरून अर्धा दिवस रजा मिळणार नाही. आणि पाल म्हणजे किरकोळ माल असं वाटत असेल, तर जुन्नरच्या घाटघरहून वरद गिरी यांनी 2008 साली पालीची एक नवीच जात जगापुढे मांडली, हेही ध्यानात घ्यावं. आपल्याच जिल्ह्यातला माल आपण अजून पुरता मोजलेला नाही.

आता एक गोष्ट नियमात बसत नाही, तरी लिहितो. परवा उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर मॅनेजर अडकली. हमाल म्हणाले, फेकून द्या. धाकट्या शेठनी शेंगदाणा तेल मागवलं, कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब सोडलं आणि एकेक बोट सोडवत बसले. ओढलं असतं तर कातडी गेली असती. तेलाने गोंद सुटतो, हे त्यांना कुठून माहीत कोण जाणे. मध्येच बार्शीच्या पार्टीचा ज्वारीसाठी फोन आला. शेठ म्हणाले, "नंतर करतो." शेपूट तुटली, ती पुन्हा येईल. पाल भिंतीवर चढली. धाकट्या शेठनी सुरू केलेलं काम शेवटपर्यंत नेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते मोठ्या शेठच्या कानावर मुद्दाम घातलं.

तेव्हापासून इग्वानाचा विषय बंद आहे. काल मात्र विचारत होते, "दिवाणजी, कासव किती वर्षं जगतं हो?"

नियम नववा : पाठीवर चांदण्या असलेलं कासव बाळगणं हाही गुन्हाच आहे. इतर कासवांविषयीची नियमावली मागाहून निघेल. तोवर शेठनी बार्शीला फोन करावा.