गुलाबाचा तनखा

रत्नागिरीत गुलाब लावणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीनेच बघतात. बागायत म्हणजे हापूस, नारळ, सुपारी. दारात फार तर जास्वंद आणि अबोली. गुलाब लावायचा म्हणजे जांभ्याच्या कातळावर माती विकत आणून टाकायची आणि चार महिने आभाळाकडे बघत बसायचं. इथे 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि गुलाबाला त्यातला पुण्याइतकाच हवा असतो. उरलेल्याचं काय करायचं, ते आपलं आपण बघायचं.

तरी आमच्या ह्यांनी घाटावरून कलमं आणलीच. त्या कलमांचा एकंदर नूर बघून मला थिबा राजा आठवायचा. ब्रह्मदेशाच्या ह्या राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं, पुढे राजवाडाही बांधून दिला. तनखा चालू, पण तक्रारीही चालू. आमच्याकडे तनख्यात कुजलेलं शेणखत आणि मिरकरवाड्याहून आणलेला सुक्या मासळीचा चुरा. त्या चुऱ्याने गुलाब फुलले नाहीत, पण आळीतली झाडून सगळी मांजरं आमच्याकडे वस्तीला आली.

तशात 3 जून 2020 ला निसर्ग वादळ येऊन गेलं. त्यातून सावरतोय तोवर पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्या-किनाऱ्याने गुजरातकडे निघालं, आणि जाता जाता खारा वारा परसात सोडून गेलं. दुसऱ्या दिवशी गुलाबांची पानं हाताने चुरली तर पापडासारखी मोडत होती. मागोमाग पावसाळा. जी पानं वाचली त्यांच्यावर काळे ठिपके.

सासूबाईंच्या औषधी खात्यात मात्र शांतता होती. गवती चहाची पाती वाऱ्याने विंचरली गेली, ठोंब जागचा हलला नाही. पानओव्याच्या फांद्या मोडून जिथे पडल्या, तिथेच रुजल्या. आता पायरीखालीसुद्धा ओवा आहे. अडुळशाला तर गुरंही तोंड लावत नाहीत, वादळ काय लावणार? तुळस तेवढी दर पावसाळ्यात मान टाकते, पण मंजिऱ्या आधीच झडलेल्या असतात. कार्तिकात लग्नाला नवी मुलगी उभी.

"माझ्या ओव्यावर कधी कोणी छत्री धरलेली बघितलीस काय गो?" सासूबाई मला विचारायच्या. प्रश्न मला, आवाज ह्यांच्यासाठी. कारण हे खरोखरच गुलाबावर छत्री बांधून आले होते. घरातली चांगली, लाकडी मुठीची.

ठिपक्यांवर इलाज शेजारच्या काकांनी काढला. सुपारीच्या कोळेरोगावर ते बोर्डो मिश्रण मारतात, शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. त्यातलं बादलीभर आमच्याकडे आलं. ह्यांनी ते इतक्या मायेने फवारलं, की गुलाब, गडगा, दोरीवरचा टॉवेल आणि अंगातला बनियन, सगळं एका रंगाचं झालं. मांजरं तेवढी वेळेत निसटली.

ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली आणि मग चमत्कार. एका मेल्यात जमा असलेल्या कलमाला बुडातून हिरवीगार फूट आली. आठवड्यात गुडघ्याएवढी, दिवाळीला कमरेला. ह्यांनी तिला काठीचा आधार दिला, सकाळचा चहा तिच्याशेजारी उभं राहून घ्यायला सुरुवात केली, पुण्याच्या मेव्हण्यांना फोटो पाठवले. फुलाचा रंग कोणता होता, यावर मायलेकांचा वादही झाला. फूल मात्र येईना. नुसती पानं आणि काटे.

शेवटी एके दिवशी काका गडग्यावरून वाकले. फूट कुठून निघालीय ते त्यांनी नीट निरखून पाहिलं.

"अरे, हा डोळा बांधलाय त्याच्या खालून आलाय. तुझा गुलाब तौक्त्यातच गेला. हा खालचा रानटी."

हे काही बोलले नाहीत. सासूबाई ओव्याची पानं खुडत होत्या. भजीचा बेत होता. त्यांनीही, आश्चर्य म्हणजे, एक शब्द काढला नाही. मीच विचारलं, "मग उपटायचा?"

"उपटताय कशाला?" काका घाईघाईने म्हणाले. "काटे बघा काय दणदणीत आहेत! मला चार काड्या द्या, गडग्याला लावतो. माकडांनी शेवग्याची एक शेंग म्हणून ठेवली नाहीये."

ह्यांनी काड्या दिल्या, पण लावायच्या कशा, खत किती, पाणी कधी, हे सगळं सांगून. शिवाय छत्रीही देऊ करत होते.

"छत्री राहू दे," काका म्हणाले, "त्यापेक्षा वहिनींना विचार, भजी कधी होतायत."