कंपॅटिबलराव

कंपनी कोणतीही असो, सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून बसलेला एक कंपॅटिबलराव तिथे असतोच. आमचे हिंजवडीत असतात आणि मे महिन्यातही स्वेटर काढत नाहीत. ब्रँडेडऐवजी 'कंपॅटिबल', म्हणजे दुसऱ्या कंपनीचा पण चालणारा माल आणायचा हट्ट, म्हणून हे नाव; खरं नाव फक्त पगारखात्याला ठाऊक आहे. परचेसवाल्याने स्विचला फायबर जोडणाऱ्या ब्रँडेड ऑप्टिकल मॉड्यूलचं कोटेशन पुढे सरकवलं, की राव चष्मा कपाळावर चढवतात, अंगठ्याएवढ्या वस्तूची किंमत मोठ्याने वाचतात आणि विचारतात, "ह्यात स्विचपण येतो का?"

मग प्रवचन सुरू. "अहो, आत असतं काय? एक लेझर, एक रिसीव्हर आणि एक चिमुकली मेमरी. त्या मेमरीत उत्पादकाच्या नावाला १६ अक्षरांची जागा. स्विच ते नाव वाचतो आणि पसंत नसेल तर पोर्ट बंद करतो. उजेड पडतोय की नाही ते नंतर, आधी आडनाव सांगा!" ह्या मॉड्यूलचा, म्हणजे एसएफपीचा आकार, पिना, जोडणी हे सगळं अनेक कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं आणि २००१ साली छापलं, ते कुणाचंही मॉड्यूल कुणाच्याही खोबणीत बसावं म्हणून. आडनावाची चौकशी कंपन्यांनी आपापल्या घरी सुरू केली, हा रावांचा जुना राग. सिस्कोच्या एका ओरिजिनल मॉड्यूलच्या मेमरीत 'सिस्को-फिनिसार' असं नाव निघतं. विकणारी सिस्को ते सासर, बनवणारी फिनिसार ते माहेर, दोन्ही. "आपण थेट माहेराहून आणतो, एवढंच," असं म्हणून ते समोरच्याकडे बघतात. आपण हसायचं असतं.

सिस्कोच्या स्विचवर परकं मॉड्यूल चालवून घेणारी 'सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर' ही आज्ञा मदतीच्या यादीत दिसत नाही, माहीत असलेल्यानेच ती टाइप करायची. केली की स्क्रीनवर ताकीद उमटते: परक्या मॉड्यूलमुळे बिघाड झाला तर वॉरंटीची हमी नाही. ती वाचताना रावांचा चेहरा उजळतो.

पण त्यांना नुसतं चिकट समजू नका. जुनं, रिफर्बिश्ड मॉड्यूल निवडताना त्यांना बघावं. सील, होलोग्राम, डबी ह्यांकडे ते ढुंकून बघत नाहीत. मॉड्यूल स्विचमध्ये खोचायचं आणि आकडे वाचायचे: तापमान, व्होल्टेज, गेलेला प्रकाश, आलेला प्रकाश. सगळ्यात जास्त वेळ मात्र लेझरच्या बायस करंटवर. लेझर म्हातारा झाला की तेवढाच उजेड पाडायला जास्त करंट खातो. "ह्याचं वय झालंय, पुढचं दाखवा." विक्रेता म्हणतो, "साहेब, लेबल नवं आहे." "लेबल मीपण घरी छापतो," राव म्हणतात. शिवाय पॅच कॉर्डचं टोक पुसल्याशिवाय ते कुणाला लावू देत नाहीत. 'खराब' म्हणून परत आलेली कितीतरी मॉड्यूलं नुसती धूळ पुसल्यावर बरी झालेली मी पाहिली आहेत.

एकदा एका नव्या पोराने स्वस्तात मिळाली म्हणून ८० किलोमीटर पल्ल्याची मॉड्यूलं उचलून आणली. जोडायचे होते दुसरा आणि तिसरा मजला. "लांबचं म्हणजे जास्त चांगलं ना, सर?" राव बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाळा, मधे उजेड कमी करणारा अटेन्युएटर न घालता हे लावलंस तर समोरचा रिसीव्हर आंधळा होईल. दोन मजल्यांना १० किलोमीटरचंही चैनीचंच."

रावांच्या टेबलाच्या खालच्या खणाला कुलूप असतं. त्यात ओरिजिनल मॉड्यूलची एक जोडी. लिंक गडबडली आणि कंपनीकडे तक्रार नोंदवली, की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: मॉड्यूल आमचंच आहे ना? राव खण उघडतात, जोडी लावतात, बिघाड तसाच आहे हे दाखवतात, लॉग पाठवतात आणि काम झालं की जोडी पुन्हा कुलपात. "ओरिजिनल वापरायचं नसतं, दाखवायचं असतं."

घरी हे तत्त्वज्ञान चालत नाही. मिक्सरला बिनकंपनीचं भांडं आणलं तेव्हा वहिनींनी कोणतेही आकडे न वाचता ते परत पाठवलं.

परचेस खात्याला रावांनी वाचवलेले पैसे दिसतात, त्यांनी नाकारलेली मॉड्यूलं दिसत नाहीत. म्हणून माझं ऐका: तुमच्याकडे असा माणूस असेल तर खुशाल स्वस्तातली मॉड्यूलं घ्या, दोन जास्तीची घ्या. नसेल तर मुकाट्याने ओरिजिनलचे पैसे मोजा. त्या किमतीत निदान शिव्या द्यायला फोनवर कुणीतरी मिळतं.