किल्लेदार आणि वहिनी

आमच्या सोसायटीत त्यांचं खरं आडनाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर येतं. एरवी लिफ्टपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना किल्लेदार म्हणतात. बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच शनिवारी वहिनींना घेऊन जलदुर्ग बघायला निघाले. तेव्हापासून रायगड जिल्ह्यातल्या समुद्राला वीकएंडची सुट्टी म्हणून नाही. गाडीत मागच्या सीटवर एक शेजारी लागतो. तो बहुधा नवा असतो, कारण एकदा आलेला पुन्हा सापडत नाही. मी तीनदा गेलोय. मला इतिहासाची ओढ आहे असं किल्लेदार सगळ्यांना सांगतात. मला ओढ वहिनींच्या कोळंबीच्या खिचडीची आहे, पण हे सांगून त्यांचं मन कशाला मोडा.

बँकेत ते तपासणी खात्यात होते, आणि ती नोकरी अजून संपलेली नाही. किल्ला ते बघत नाहीत, तपासतात. बुरूज मोजायचे, एक कमी भरला की पुन्हा पहिल्यापासून. २०२५ साली खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा त्यांनी मजल्यावर घरटी चार-चार पेढे वाटले. पाचवा मागणाऱ्या माझ्या मुलाला उत्तर मिळालं, "कुलाबा यादीत आला की देईन."

गेल्या वेळी कुलाबाच होता. पहाटे साडेपाचला निघालो, वडखळ नाक्यावर तासभर ट्रकांच्या मागे बसलो, आणि त्या तासात आंग्र्यांच्या तीन पिढ्या उरकल्या. ओहोटी बारा वाजता, असा किल्लेदारांचा हिशेब होता. त्यांच्याकडे भरती-ओहोटीचा तक्ता असतो, घरच्या प्रिंटरवर छापलेला आणि लॅमिनेट केलेला. वहिनींचं माहेर मुरुडकडचं. त्यांचा तक्ता म्हणजे स्वयंपाकघरातलं कॅलेंडर: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. नवरा-बायकोचा हिशेब जुळला. इतकं क्वचित घडतं, की मलाच काळजी वाटली.

बारा वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिलो, तर किल्ल्यापर्यंत पाणीच पाणी.

"ओहोटी तर आहे," किल्लेदार तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले.

"आहे ना. पण आज अष्टमी. भांगाचं पाणी. उधाणाला आटतं तसं भांगाला आटत नाही."

"मग गाडीत का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दुसऱ्या कान्होजींवर होतात."

तक्त्यात पाण्याच्या उंचीचाही रकाना होता म्हणे. पण तो धरला तर मजकूर एका पानात मावत नव्हता, म्हणून किल्लेदारांनी काढून टाकला होता. वेळ अचूक आणि पाणी गुडघ्याच्या वर!

घोडागाडीवाला शेजारी उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्याला घाई नव्हती. गिऱ्हाईक कुठे जात नाही हे त्याला आमच्या आधी कळलं होतं. किल्लेदारांना मात्र घोडागाडी म्हणजे अपमान. "१७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून या किल्ल्यावर चालून आले. ते काय घोडागाडीतून आले होते?"

"म्हणूनच हरले," म्हणत वहिनींनी पाय वर घेतले आणि आधी छत्री, मग डबा, मग मी, असा क्रम लावला.

आत शिरल्यावर किल्लेदार फुलले. तटाच्या दगडांत चुना नाही, दगड नुसते एकावर एक रचलेत, लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो, हे त्यांनी मला तटाला हात लावायला लावून समजावलं. एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. त्यांनी पंचवीस घेतली, पण आता मी कुठलीही भिंत पाहिली की आधी चुना शोधतो. पुढे चाकांवरच्या दोन तोफा लागल्या. तिथे एक तरुण जोडपं फोटो काढत होतं. मुलगा तोफेवर हात ठेवून म्हणाला, "मराठ्यांची तोफ!" झालं. तोफेवरचं इंग्रजी लेखन, यॉर्कशायरचा कारखाना, सगळं ऐकेपर्यंत त्या मुलाचा मोबाइल दोनदा वाजून बंद पडला. मुलगी वहिनींकडे बघत होती. वहिनींनी तिला काकडीची फोड दिली. १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेल्या सिद्धिविनायकाच्या देवळात त्या दोघी आधीच जाऊन बसल्या. गार होतं तिथे. घोडागाडीवाल्यानं दोनदा हाक मारली तेव्हा कुठे आम्ही निघालो.

जेवणाबद्दल काय सांगू? खिचडी होती.

चारच्या सुमारास कोर्लई. इथे या संसाराचा जुना तह लागू होतो: जितके किल्ले त्यांचे, तितकी दीपगृहं वहिनींची. तह कसा झाला मला ठाऊक नव्हतं. दीपगृहाच्या दारात कळलं. किल्लेदार गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही जा वर. मी इथेच." त्याच गुडघ्यानं ते दुपारभर तटावर चढ-उतार करत होते. पण दीपगृहात शेवटी शिडी असते, लोखंडी आणि उभी. ती नुसती पाहिली तरी त्यांना भोवळ येते. मोठा शोध लागल्यासारखा मी वहिनींकडे पाहिलं.

"बारा वर्षांपूर्वी कळलं मला," त्या पहिल्या पायरीवरूनच म्हणाल्या. "तेव्हापासून मला दीपगृहं आवडतात."

वर दिव्याभोवती काचेची भिंगं कडी-कडीनं बसवलेली. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं १८२० च्या सुमारास ही युक्ती काढली. लहानसा दिवा, पण भिंगं त्याचा उजेड गोळा करून एका झोतात दूर फेकतात. तिथल्या कर्मचाऱ्यानं सांगितलं, की प्रत्येक दीपगृहाची लुकलुक ठरलेली असते, ती मोजून नावाडी ओळखतात कुठे आलो. वहिनींनी हे दहाव्यांदा ऐकलं असणार, तरी मान डोलावली. मग बाहेरच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. वारा होता. कोणी काही बोलत नव्हतं.

खाली किल्लेदारांना गिऱ्हाईक मिळालं होतं, कॉलेजची चार पोरं. आवाज पोचत नव्हता, नुसते हात दिसत होते. उजवा हात समुद्राकडे गेला.

"पोर्तुगीज आले," वहिनी म्हणाल्या.

दोन्ही हात उत्तरेकडे.

"वसई. १७३९."

मग हाताची मूठ.

"चिमाजी अप्पा. आता कोर्लईत अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात ते येईल, मग ते पोरांना विचारतील, गाव कुठलं."

खाली एका पोरानं दूर कुठेतरी बोट दाखवलं. किल्लेदारांनी लगेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सापडला," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या गावाजवळ किल्ला आहे." आणि पर्समधून शेंगदाण्याची पुडी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "बसा आरामात. अर्धा तास आहे आपल्याकडे."