फ्रेशर हवा, अनुभवी

शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतणाऱ्या बापाचं पोरगं बंगळूरला जाऊन चिपचा फिजिकल डिझाइन इंजिनिअर व्हायचं म्हणतं. जाहिरात असते, ‘फ्रेशर हवा, २ वर्षांचा अनुभव आवश्यक’. अनुभव नसला तर क्लास आहेतच. फी आधी, नोकरी अंबाबाईच्या मर्जीनं.

काम म्हणाल तर गुंठेवारीचं. नखाएवढ्या सिलिकॉनवर कोट्यवधी गेट बसवायचे, मधून तारांचे रस्ते काढायचे. फक्त इथं शेजारच्या तारेला काही नॅनोमीटर जास्त खेटलं तरी नियम तपासणारं डीआरसी बोंबलतं, आणि नगरसेवकाला भेटून नियमित करता येत नाही. सिग्नल काही पिकोसेकंद लवकर पोचला तरी गुन्हा! पोरगं रात्रभर बफर घालून सिग्नल रेंगाळवतं, होल्ड सावरतं. सकाळी बघतं तर सिग्नल उशिरा, सेटअप मोडलेला.

गावाकडं आई म्हणते, “तुझी चिप दाखव की रं.” दाखवणार काय? ती छापायची तैवानात. तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉनचा कारखाना २०२२ मध्ये गुजरातला गेला, आणि २०२३ मध्ये फॉक्सकॉननं त्यातूनही अंग काढलं. आईनं मात्र गल्लीत सांगून टाकलंय, “मोबाईल दुरुस्तीतच हाय, पर मोठ्या हापिसात.”