पाण्याच्या माहेरी

डोंगर चढायची हौस आम्हा कडेगावकरांना नाही. आमच्याकडे चढायचं काम पाण्याचं. कराडच्या खाली टेंभूजवळ कृष्णा अडवली आहे. तिथून पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचललेलं पाणी आमच्या माळावर येतं. पाण्यानं चढायचं आणि आपण कालव्याच्या कडेला उभं राहून बघायचं, एवढीच आमची गिर्यारोहणाची परंपरा.

ती मोडली मेहुण्यानं. "दाजी, वासोट्याला येताय का? बूट घ्या, भाकरी घ्या, आणि पाणी माणशी तीन लिटर." मी घरच्या विहिरीचं पाणी भरून घेतलं. बाहेरचं पाणी मला बाधतं, अशी माझी जुनी समजूत आहे.

सातारा, कास करत बामणोलीला उतरलो आणि समोर शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. पाणी दिसलं की "पाळी कुणाची?" हा प्रश्न आमच्या तोंडी आपोआप येतो, तो मी गिळला. त्याची साठवण १०५ टीएमसी, हे पेपरात दर पावसाळ्यात वाचतो. पण टीएमसी म्हणजे काय ते लाँच तास-दीड तास चालूनही पाणी संपेना, तेव्हा कळलं.

पलीकडे मेट इंदवलीला वनखात्याची चौकी. आत मुक्काम करायचा नाही, उजेडात परत यायचं. शिवाय वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड आणि २०१० पासून हे सगळं रान व्याघ्र प्रकल्पात. हे समजल्यावर पुढं चालायचा मान मी मेहुण्याला दिला. थोड्या वेळानं मागं चालणंही धोक्याचं वाटू लागलं. पण दोघांत मधली जागा नसते.

चढ असा, की गुडघे नावानिशी हाका मारायला लागले. मराठ्यांनी १८१८ साली दोन इंग्रज अधिकारी या गडावर कैदेत ठेवले होते म्हणतात. पहारेकऱ्यांची फार गरज पडली नसावी. वर बाबूकड्याच्या काठावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला आणि खाली नुसतं रान, रान आणि त्यापलीकडं कोकण बघत राहिलो.

उतरून पुन्हा काठाशी आलो, तेव्हा पिशवीत अर्धी बाटली शिल्लक होती. तिच्याकडं बघताना एकदम लक्षात आलं. हे पाणी इथलंच की! कोयनेतून कराडला गेलं, कृष्णेत मिसळलं, टेंभूला उचललं गेलं, कालव्यातून पाझरून माझ्या विहिरीत उतरलं. आणि मी ते पाठीवर घेऊन पुन्हा कोयनेला आलो. सासरी गेलेली लेक माहेरी पोचवायला यावं तसा.

माहेर तर उठलेलं. धरण झालं, पुढं अभयारण्य झालं, आणि इथली माणसं घरदार सोडून गेली. झाडीत जोती तेवढी राहिली. आमच्या उसाला पाणी मिळतं, त्याच्या हिशेबात पंपाचं वीजबिल असतं, पाणीपट्टी असते. हे उंबरे कुठल्याच पावतीवर नसतात.

मला काही सुचेना. मी बाटली एका जोत्यावर रिकामी केली.

मेहुणा बघतच राहिला. "दाजी, मला तहान लागली होती की!"